मूल शिकते कसे? ताराबाई मोडक यांचा शोध

बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'अध्ययनाच्या उपपत्ती' नावाचे एक प्रकरण असते. त्यात रशियातील पावलॉव्हचा कुत्रा असतो, अमेरिकेतील थॉर्नडाइकचे मांजर असते आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ कोहलरचा एक चिंपांझी असतो. त्या चिंपांझीचे नाव सुलतान. टेनेरिफ बेटावर पिंजऱ्याबाहेरचे केळे ओढून घेण्यासाठी त्याने दोन काठ्या एकमेकींत कशा बसवल्या, हे परीक्षेपुरते आम्हां सर्व शिक्षकांना तोंडपाठ असते. त्याबद्दल तक्रार नाही. मोठी माणसे होती, मोठे काम केले. परंतु आपल्याच कोकणपट्टीत, डहाणूजवळ, माणसाचे मूल कसे शिकते हे पाहण्यात एका मराठी बाईने आयुष्याची शेवटची अठ्ठावीस वर्षे घालवली, तिला त्या प्रकरणात पुरता परिच्छेदही मिळत नाही. त्या म्हणजे ताराबाई मोडक. आपल्या कर्जत-खालापूरच्या पालकांना त्यांची ओळख व्हावी, यासाठी हा लेख. कारण ताराबाईंपुढे जी मुले होती, तशीच मुले आपल्या डोंगरकपारीतील वाड्यांवर आजही आहेत. आणि ताराबाईंपुढे जो प्रश्न होता तो आपल्या बाजारपेठेतील घरांतही आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावे हे त्या घरात वेगळे सांगावे लागत नव्हते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला. तो टिकला नाही आणि १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. त्या काळी अशा बाईला समाजात फार वाटा मोकळ्या नसत. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे, पगार चांगला. तेथे थांबल्या असत्या तर आयुष्य सुखात गेले असते आणि आज आपण त्यांचे नावही घेतले नसते.

१९२३ साली ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला शिकवावे कसे, या विचारात त्यांच्या हाती डॉ. मारिया माँटेसरी यांचे पुस्तक पडले आणि कोर्टकचेरी मागे राहिली. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. ताराबाई तेथे गेल्या तेव्हा त्यांना गुजराती भाषेत काम करायचे होते, त्यांच्या स्वतःच्या भाषेत नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग झाला असावा असे मला वाटते.

माँटेसरीबाईंविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या डॉक्टर होत्या. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांना कामगारांची मुले सांभाळण्याचे काम मिळाले. आईबाप कामावर गेले की ही मुले इमारतीच्या भिंती खराब करीत हिंडत, म्हणून मालकांनाच त्यांची सोय लावायची होती! बाईंनी त्या मुलांना हाताळायला वस्तू दिल्या आणि डॉक्टर रोग्याकडे पाहतो तशा बारकाईने त्या पाहत राहिल्या. मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते, ती त्याची चूक नसून त्याचा अभ्यास असतो. हात गुंतला की मन गुंतते. अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी बोटाने गिरवले तर लवकर ठरते, अशा गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. वाळूकागदाची अक्षरे त्यांनी त्यासाठीच केली. आपल्या जुन्या शाळांतील धूळपाटी आणि मक्तबातील लाकडी तख्ती आठवते का? बोट किंवा बोरू फिरवून अक्षर हाताला शिकवायचे, हे आपल्या पंतोजींना आणि मौलवीसाहेबांनाही ठाऊक होते. मात्र मूल पाहावे, त्याची नोंद ठेवावी आणि त्या नोंदीवरून आपली रीत बदलावी, हे काम माँटेसरीबाईंचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मद्रासजवळ अड्यार येथे येऊन राहिल्या आणि त्यांनी या देशातील शेकडो शिक्षकांना धडे दिले.

गिजुभाई आणि ताराबाई माँटेसरीच्या अनुयायी खऱ्या, पण आंधळ्या नव्हेत. माँटेसरीबाईंना लहान मुलांना राजा-राणीच्या, राक्षसाच्या गोष्टी सांगणे पसंत नव्हते. खरेखोटे कळण्याच्या वयात कल्पनेचा गोंधळ नको, असे त्यांचे मत. भावनगरला मात्र गोष्ट, गाणे आणि नाटुकले यांना मोठी जागा मिळाली. आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलाकडून गोष्ट काढून घेतली तर उरेल काय? १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' निघू लागली. गुजरातीनंतर ती मराठीतही आली. शिक्षकांना तयार करणारे अध्यापन मंदिरही चालले. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ पासून दादरला शिशुविहारचे काम उभे राहिले. गिजुभाई १९३९ साली वारले.

दादरची मुले आटोपशीर घरांतून येत. न्हाऊनमाखून, पोट भरून, मराठी बोलत. बालमंदिर चांगले चालले. आणि नेमके तेथेच ताराबाईंना टोचणी लागली असली पाहिजे. माँटेसरीने रोममध्ये गरिबांच्या मुलांसाठी काढलेली रीत भारतात श्रीमंतांच्या मुलांची हौस होऊन बसली होती. साधनांचे लाकडी संच महाग. गुळगुळीत दट्टे, गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा, हे सारे खेड्यातल्या शाळेने आणावे कुठून?

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी समुद्रकाठचे गाव. तेथे आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी आधीच शिक्षणाची मशागत केलेली होती. ते वर्ष साधे नव्हते. त्याच १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातील वारली माणसे वेठबिगारीविरुद्ध उठली होती. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिगत लिहिली आहे. एका अंगाला वेठ नाकारणारे आईबाप आणि दुसऱ्या अंगाला त्यांच्या तीन-चार वर्षांच्या पोरांना अंगणात गोळा करणाऱ्या बाई. दोघांची वाट वेगळी, राजकारण वेगळे. पण मुलूख एकच होता.

याच कामात त्यांना एक सहकारी मिळाली. अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिक्षिकेचे प्रशिक्षण, पुण्यात शाळेची नोकरी. ताराबाई खेड्यात जाऊन काम करणार आहेत हे कळल्यावर त्यांनी पुणे सोडले ते कायमचे.

बोर्डीत प्रथम गावात बालवाडी उघडली. गावची मुले आली. दलित वस्तीची मुले आली नाहीत. निमंत्रण सर्वांना होते, तरी आली नाहीत. तुमच्या-आमच्यासारख्याने येथे म्हटले असते, 'आम्ही दार उघडे ठेवले होते, त्यांनाच आस्था नाही.' आपल्या सभांतून हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ताराबाईंनी असे केले की बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली. कोणाच्या तरी ओट्यापुढे, झाडाखाली, अंगणात मुले बसवली. तीच अंगणवाडी. मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ही त्यांची धारणा तेथून पक्की झाली.

अंगणात काम सुरू झाल्यावर साधनांचा प्रश्नही सुटू लागला, कारण अंगण रिकामे नसते. चिंचोके, शंखशिंपले, गोटे, पाने, बिया, मातीची भांडी, बांबूच्या कांबी. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरबरीत ओळखायला विलायती लाकूड लागत नाही. शिंपले मोजता मोजता संख्या येते, पाने वेगळी लावता लावता वर्गीकरण येते. हे स्वस्त म्हणून केले असे कोणी समजू नये. स्वस्ताई हा एक लाभ झाला. मोठा लाभ हा की, या वस्तू मुलाने आधी पाहिलेल्या, हाताळलेल्या असत. घर आणि शाळा यांच्यामध्ये जो उंबरठा असतो तो ठेंगणा झाला. शहरातल्या बायका येऊन पोरांना आंघोळी घालतात, नखे कापतात, केस विंचरतात, याला आज कोणी वरून लादलेली स्वच्छता म्हणेल. मला तसे वाटत नाही. डोक्यात उवा आणि अंगावर खरूज असलेले मूल शिंपल्यांकडे लक्ष देऊ शकत नाही. ज्याने एकदा तरी असा वर्ग घेतला आहे तो यावर वाद घालणार नाही.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांच्या मध्ये हलले. येथे ताराबाईंच्या शोधाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

शाळेत नाव घातलेली मुले हजर राहत नाहीत, ही तक्रार कोसबाडलाही होती. का राहत नाहीत? याचा शोध घेता दोन कारणे स्पष्ट झाली. मोठ्या मुली येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड असते. मोठे मुलगे येत नाहीत, कारण गुरे चारायला जावे लागते. दोन्ही कारणांत आळस नाही, अडाणीपणा नाही; घरातील कामाची वाटणी आहे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलीने भावंड पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. या रचनेला नाव दिले विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी? गुरे जेथे चरतात तेथे शिक्षक साहित्य घेऊन जाई. तीच कुरणशाळा. गुरे चरत, मुले शिकत. गवत, झाडे, पाखरे, ओढा हाच पाठाचा विषय. पाढे आणि अक्षरेही तेथेच.

कुरणशाळेला पुष्कळ लोक सोय म्हणून पाहतात, म्हणजे मूल शाळेत येत नाही म्हणून केलेली तडजोड. तिच्यात शिक्षणशास्त्राचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे आणि तो जगाला पुढे फार उशिरा दिसला. १९८५ साली ब्राझील देशातील तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लीमान या संशोधकांनी रेसिफे शहरातील बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बारा वर्षांच्या नारळवाल्या मुलाला गिऱ्हाईक होऊन विचारले : एक नारळ ३५ ला, तर चार केवढ्याला? तो म्हणाला, तिनांचे १०५, त्यात ३० म्हणजे १३५, आणि असे करीत १४० वर आला. उत्तर बरोबर. पुढे त्याच मुलाच्या हाती कागद देऊन ३५ गुणिले ४ करायला सांगितले. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिले २००! बाजारात या मुलांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली, आणि तीच आकडेमोड कागदावर नुसती मांडून दिली तेव्हा शेकडा ३७. अगदी अलीकडे, २०२५ साली, अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांविषयी हेच दाखवून दिले. दुकानावरचा हिशेब करणारी मुले शाळेचे गणित सोडवू शकत नव्हती. आणि शाळेचे गणित सोडवणारी मुले बाजाराच्या हिशेबात अडखळत होती. दुसरी बाजू आपल्याला जास्त झोंबायला हवी.

हे वाचताना कर्जत स्टेशन डोळ्यांसमोर आणा. मोसमात करवंदे-जांभळांची पाटी घेऊन ठाकरवाडीची बाई फलाटावर येते, बरोबर तिची आठ-नऊ वर्षांची पोर. गाडी सुटायच्या घाईत पन्नासच्या नोटेतून वीस-वीसचे दोन वाटे वजा करून ती पोर सुटे पैसे परत देते. तिला शाळेत 'गणितात कच्ची' असा शेरा मिळतो. तो शेरा मारणाऱ्यांत आमचीच जमात आहे. वर्गात खडूने फळ्यावर लिहिलेली वजाबाकी आणि फलाटावरची वजाबाकी यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. कोसबाडला ती गाठ घालण्याचा खटाटोप चालला होता. मुलाला जे येते ते प्रथम पाहायचे आणि तेथून धागा धरायचा. ब्राझीलच्या संशोधकांनी आकडे दिले, ताराबाईंनी आकडे दिले नाहीत. हे त्यांच्या कामातील उणेपण म्हणायचे तर म्हणावे. त्यांचा लेखनाचा मोठा भाग शिक्षक आणि पालक यांच्यासाठी होता, विद्वानांच्या नियतकालिकांसाठी नव्हता. बी.एड.च्या पुस्तकात त्या का नाहीत याचे कारणही कदाचित हेच असेल.

दुसरी गोष्ट भाषेची. वारली मूल वारली बोली बोलते. पाठ्यपुस्तकाची मराठी त्याला अर्धी परकी. पहिल्याच दिवशी त्याची बोली चुकीची ठरवली तर ते मूल तोंड मिटून घेते, आणि तोंड मिटलेले मूल काय शिकते आहे हे कोणालाच कळत नाही. म्हणून प्रथम गाणी, गोष्टी, गप्पा त्याच्या बोलीतून, आणि मग हळूहळू पुस्तकाची भाषा. पालकहो, हा प्रश्न आपल्या घरातला आहे. आपले मूल घरी आजीशी कोकणी वळणाची बोली बोलते, मक्तबात अरबी अक्षरे गिरवते, शाळा उर्दू नाहीतर मराठी, शिकवणी इंग्रजी. आणि तीन वर्षांच्या बाळाने इंग्रजी वर्णमाला लिहून दाखवावी म्हणून आपण शिशुवर्गाची फी भरतो. आपल्याकडे चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्ला करण्याची जुनी चाल आहे. त्या दिवशी मूल वडीलधाऱ्यांच्या मागून चार शब्द म्हणते, मिठाई वाटली जाते. त्या वयाला इतकेच झेपते हे वाडवडिलांनी ओळखले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा धरला आहे आणि शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. कागदावर आले हे चांगले झाले. शिशुवर्गाच्या दारात मात्र आजही मूल इंग्रजीत नाव सांगते की नाही यावर त्याची पारख होते, आणि ही पारख पालकांनाही आवडते.

इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. माझ्याच वर्गात इंग्रजीविना कॉलेजात गडबडलेली मुले मी पाहिली आहेत. प्रश्न क्रमाचा आहे. ज्या भाषेत मूल 'का?' असे विचारू शकते ती भाषा पहिली. दुसरी तिच्या खांद्यावर चढते.

कोसबाडचे लोण पुढे सरकारपर्यंत गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज खेडोपाडी अंगणवाड्या आहेत, आपल्या दोन्ही तालुक्यांतील वाड्यांवरही आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजन, नोंदवह्या ही सारी कामे सेविका करतात. तुटपुंज्या मानधनावर करतात. या धबडग्यात शिंपले आणि चिंचोके मागे पडले. ताराबाईंची अंगणवाडी ही शिकण्याची जागा होती आणि खाऊ तिच्या जोडीला होता; आता पुष्कळ ठिकाणी खाऊ मुख्य आणि शिकणे जोडीला. दोष सेविकांचा नाही. एका प्रशिक्षित बाईने वीस मुले पाहणे आणि त्याच बाईने रजिस्टरे भरून उरलेल्या वेळात पाहणे, यांत फरक पडणारच.

आणि दिवाळीनंतर आपल्या कातकरी वाड्या कशा ओस पडतात, ते सर्वांना दिसते. माणसे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. पटावर नाव राहते, बाकावर मूल नसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला, तरी भट्टीवरच्या मुलापर्यंत तो हक्क चालत जात नाही. त्याला नेणारे माणूस लागते. गुरांमागे कुरणात गेलेल्या शाळेची भट्टीमागे जाण्याशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. आपल्या संस्थेतील डी.एड., बी.एड. करणाऱ्या तरुण-तरुणींपैकी कोणाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर खालापूरच्या भट्ट्या दूर नाहीत. मुले विटा कशा मोजतात, थर कसा लावतात, हजाराचा हिशेब तोंडी कसा धरतात, हे कोणी वहीत उतरवून आणले तर मला ते वाचायचे आहे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. अनुताईंनी पुढे एकोणीस वर्षे काम चालवले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन आपल्या वाचनालयात असावे अशी माझी विनंती आहे. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. त्यांच्याविषयी एक गोष्ट आपल्या मुलींना सांगण्याजोगी आहे. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या अनुताई मॅट्रिक झाल्या त्या १९३७ साली, दिवसा शिकवून आणि रात्रीच्या शाळेत शिकून. बी.ए. झाल्या १९६१ साली. तेव्हा कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि कुरणशाळा चालू होती, आणि अनुताईंचे वय होते एक्कावन्न.